हितेश भोईर, तुमचा माइक बंद आहे

पूर्णा गावात हितेश भोईरला आवाज नाही असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. गोदामाच्या गेटवर मोठा ट्रेलर मागे घ्यायचा असला की ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसत नाहीत, हितेशला हाक मारतात. हा पठ्ठ्या चड्डी सावरत येतो, मागे उभा राहतो आणि ओरडतो, “आने दो, आने दो, थोडा लेफ्ट काट, बस्स बस्स बस्स!” त्या बस्सने ट्रेलर तर थांबतोच, पण मागच्या गल्लीतली एखादी रिक्षासुद्धा उगाच ब्रेक मारते. टपरीवर बसला की याच्या गप्पांपुढे दुसऱ्याला तोंड उघडायची सोय नाही. केसरीनाथ भोईरांचा धाकटा पोरगा, घरची जागा गोदामाला भाड्याने दिलेली, खाऊन-पिऊन सुखी. घरात पहिला एम.कॉम. करणाराही तोच. आईने, म्हणजे कमळबाईंनी, ही बातमी गावात इतक्या जणांना सांगितली होती की आता मागे फिरायची वाटच उरली नव्हती.

पण हाच हितेश लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर बसला की त्याची दातखीळ बसायची. दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम, सगळे तास ऑनलाइन, आणि शेवटी प्रत्येकाने सात मिनिटं बोलून दाखवायचं. माणसांची भीती त्याला कधीच नव्हती. त्याला भीती वाटायची ती कोपऱ्यातल्या त्या चौकोनातल्या स्वतःच्या तोंडाची. ट्रेलरमागे ओरडताना आपलं तोंड आपल्याला कुठे दिसतं? इथे ते समोरच. बोलायला सुरुवात केली की त्याचं लक्ष जायचं आपल्या नाकाकडे. डावी नाकपुडी उजवीपेक्षा मोठी हाय की काय? मग मुद्दे गेले उडत, नाकपुडी तेवढी राहायची.

पहिल्या खेपेला त्याने यावर उपाय काढला, डोळे मिटून बोलायचं. मिटले डोळे आणि सात मिनिटं असा काही बोलला म्हणता, हातवारे काय, आवाजातले चढउतार काय! शेवटी “धन्यवाद” म्हणून डोळे उघडले तर पडद्याच्या बाजूला संदेशांची रांग लागलेली. सगळ्यांनी एकच लिहिलं होतं. खुद्द शिकवणाऱ्या माधवी मॅडमनी पाच वेळा लिहिलं होतं: हितेश भोईर, तुमचा माइक बंद आहे. “परत सुरू करता का?” मॅडम म्हणाल्या. परत? अहो, एकदा पोहून पलीकडे गेलेल्या माणसाला कुणी सांगतं का, की आम्ही बघितलं नाही, पुन्हा पोहून ये? हितेशने लॅपटॉप मिटला तो दुसऱ्या दिवशी उघडला.

दुसऱ्या खेपेची कथा तर सांगायची लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. नाव पुकारल्याबरोबर याने ठरवलं, नेटवर्क गेल्याचं सोंग करायचं. तोंड अर्धवट उघडं, एक हात हवेत, पापणी लवू द्यायची नाही. देवाशपथ सांगतो, मूर्तिकाराला जमणार नाही असा बसला. मॅडम हळहळल्या, “अरेरे, स्क्रीन अडकलीय बहुतेक.” सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त याच्या डोक्यामागे पंखा गरागरा फिरत होता. वर्गात खसखस पिकली, तरी हा ढिम्म. तेवढ्यात मागून केसरीनाथ बनियनवर दात घासत गेले, परत आले, कॅमेऱ्यात डोकावले आणि ब्रश तोंडात ठेवूनच म्हणाले, “अरं, ह्यो असा काय बसलाय? ह्याला वारं लागलं का?”

मग मात्र मॅडमनी शांतपणे सांगितलं, “हितेश, आता एकच संधी. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता. त्या दिवशी बोलला नाहीत तर या विषयात नापास, आणि विषय गेला की वर्ष गेलं.” माधवी मॅडम वाईट नव्हत्या हो. आवाज कधी चढायचा नाही, त्यामुळेच जास्त भीती वाटायची.

शनिवार! आणि शनिवारी घरात हितेशच्या बहिणीची, विनिताची हळद. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात ते हेच. तारीख बदलून मागायला काय हरकत होती? काहीच नाही. फक्त त्यासाठी मॅडमशी बोलावं लागलं असतं, आणि बोलता आलं असतं तर तारीख कशाला बदलायला लागली असती!

शेवटी तो गेला बाळारामकाकांकडे. बाळारामकाका म्हणजे पूर्णा गावचा माइक. हळद असो, पूजा असो, क्रिकेटचे सामने असोत, काकांच्या हातात माइक नसेल तर कार्यक्रम झाला असं कुणी धरत नाही. आमच्याकडच्या हळदीची रीत ठाऊकच असेल, पाहुणा मंडपात पाऊल टाकतो न टाकतो तोच माइकवरून त्याचं नाव गाजलं पाहिजे. “खारबावचे सुप्रसिद्ध बैलगाडा मालक यांचं मंडपात आगमन झालेलं आहे, भोईर परिवारातर्फे त्यांचं हार्दिक हार्दिक स्वागत!” एखाद्याचं नाव राहिलं तर तो जेवून जातो खरा, पण पुढच्या तीन लग्नांत यजमानांशी बोलत नाही.

“काका, तुमाला भीती न्हाय वाटत?” हितेशने विचारलं.

“वाटतं की! माइक हातात आला की आजबी पाय लटपटतान माझे.”

“मग करता काय?”

“नावं घेतो,” काका म्हणाले. “आधी समोरच्यांची नावं घ्यायची. नाव घेतलं की मानूस खूश. खूश झालेला मानूस आपल्याला खात न्हाय. नावं सपेपर्यंत भीती सपते. पन एक ध्यानात ठेव, एकाचंबी नाव गाळायचं न्हाय. गाळलंस की मेलास.”

बोलणाऱ्याची माती विकते अन् न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही, असंही वर काका म्हणाले. हितेशने मान डोलावली आणि त्यातलं फक्त नाव गाळायचं नाही एवढंच ध्यानात ठेवलं.

शनिवार उजाडला. घरात पाहुणे, अंगणात मंडप, हितेशच्या खिडकीच्या बरोब्बर खाली साउंडवाल्या महादूचं टेबल आणि दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच स्पीकर. दुपारी महादूचा फोन चार्जिंगअभावी मेला. गाणी कशावर लावणार? “हितेशदादा, तुझा लॅपटॉप जोडू का ब्लूटूथने?” जोड बाबा. तासभर गाणी वाजली, बायका नाचल्या. मग महादूचा फोन जिवंत झाला, गाणी फोनवर गेली आणि हितेशने लॅपटॉप वर नेला. जोडणी तोडायची राहिली. आणि जाता जाता महादूने हितेशचे हेडफोन “जरा बघतो” म्हणून गळ्यात घातले, तेही तिथेच राहिले.

पाचला पाच कमी असताना हितेश इस्त्रीचा शर्ट घालून बसला. खाली अर्धी चड्डीच होती, पण कॅमेऱ्याला कुठे दिसतेय. वर्ग उघडला. काळ्या चौकोनांची रांग दिसली, कुणाचाच कॅमेरा चालू नाही, फक्त मॅडमचा. मॅडमचे ओठ हलत होते. आवाज काही नाही. लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर विनिताने त्यावर चहा सांडल्यापासून मुका होता, म्हणून तर हेडफोन लागायचे. हेडफोन कुठायत? त्याने उशीखाली बघितलं, पलंगाखाली बघितलं. आणि तेवढ्यात खिडकीतून, अंगणातून, अख्ख्या पूर्णा गावावरून आवाज आला:

“हितेश भोईर आहेत का?”

मंडपातलं गाणं थांबलं. हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले.

“हितेश भोईर, माझा आवाज येतोय का?”

येतोय का! पलीकडच्या गोदामातले हमाल बाहेर येऊन बघायला लागले. हितेशच्या तोंडचं पाणी पळालं. खाली बाळारामकाकांनी मात्र क्षणाचा विलंब केला नाही. मंडपात नवा आवाज आला म्हणजे नवा पाहुणा आला, हा त्यांचा आयुष्यभराचा धर्म. त्यांनी माइक तोंडाशी नेला, “महादू, कोन हायत ह्या?” महादूने सांगितलं, हितेशदादाच्या कॉलेजच्या मॅडम. झालं! “कॉलेजच्या आदरणीय मॅडम यांचं मंडपात आगमन झालेलं आहे! भोईर परिवारातर्फे त्यांचं हार्दिक हार्दिक स्वागत!” टाळ्या. कमळबाई शाल आणि नारळ घेऊन मंडपभर मॅडमना शोधायला लागल्या.

खिडकीतून हे सगळं लॅपटॉपच्या माइकमध्ये शिरलं आणि मॅडमपर्यंत पोचलं. पडद्यावर मॅडम दचकलेल्या दिसल्या. “धन्यवाद,” त्या म्हणाल्या. सवयच तशी, स्वागत झालं की धन्यवाद म्हणायचं. “हितेश, तुमचीच पाळी आहे. सुरू करा.”

हितेशने काय करावं? तेच केलं. हात हवेत, तोंड अर्धवट उघडं, डोळे थिजलेले. मूर्ती! या वेळी पंखासुद्धा आठवणीने बंद केला होता.

“हितेश?” स्पीकरमधून मॅडमचा आवाज हताश झाला. “पुन्हा नेटवर्क गेलं वाटतं यांचं.”

आता मंडपातली माणसं साधीभोळी. त्यांना कोण सांगणार की इथे गप्प बसायचं असतं? पाहुणीने काही विचारलं तर उत्तर द्यायची रीत. दोनशे-तीनशे तोंडांतून एकदम उत्तर गेलं, “न्हाय मॅडम, नेटवर्क हाय!” त्यावर केसरीनाथांनी खुलासा केला, “त्यो वर बसलाय मॅडम, मगाशीच चाय देऊन आलो!” एवढ्यावरही भागलं नाही. अंगणातल्या आंब्यावर तोरण बांधायला चढलेला चिंधू खिडकीच्या समोरच होता. तो ओरडला, “मला दिसतोय! तोंड वासून बसलाय! पापनी हालली बघा आत्ता!”

हितेशच्या कपाळावरून घामाचा थेंब निघाला आणि थेट नाकपुडीपाशी येऊन थांबला. डावी. मोठीच होती ती, आता खात्री पटली.

जिन्यावर बांगड्या वाजल्या. दार उघडून विनिता आत आली. नवरी! कपाळापासून पायापर्यंत हळदीने माखलेली, फक्त डोळे तेवढे दिसत होते आणि ते भडकलेले होते. ती कॅमेऱ्याच्या मागे उभी राहिली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “तोड ते ब्लूटूथ. माझी हळद थांबलीय खाली.”

“तोडलं तर मला मॅडम ऐकू येनार न्हायत,” हितेश ओठ न हलवता पुटपुटला. मूर्तीचं सोंग अजून सोडलेलं नव्हतं. “स्पीकरवर चाय कोनी सांडला व्हता?”

विनिताने पदर खोचला. “बरं. मग बोल. तू बोलल्याबिगर माझी हळद पुरी लागनार न्हाय, आन् हळद लागल्याबिगर मी उद्या लग्नाला उभी राहनार न्हाय. तिकडं वऱ्हाडाला काय सांगायचं ते तूच सांग. कॅमेऱ्यासमोर.”

हितेशने बहिणीकडे बघितलं. हळदीखाली तिचा ओठ थरथरत होता. बिचारी रागावली होती की रडायला आली होती, कळत नव्हतं. त्याला एकदम फार वाईट वाटलं. आपण घाबरट, ते घाबरट, वर सगळ्या घराला टांगून ठेवलंय! त्याने हवेतला हात खाली घेतला. समोर काळे चौकोन होते, प्रत्येकाखाली नाव, कुणाचं स्वतःचं, कुणाचं नुसतं फोनचं. आणि त्याला काकांचं म्हणणं आठवलं.

तो खाकरला. आणि जो आवाज निघाला तो हितेशचा नव्हता, तो हळदीच्या माइकचा होता.

“आजच्या या वर्गाच्या अध्यक्षस्थानी असलेल्या आदरणीय माधवी मॅडम, यांचं हार्दिक हार्दिक स्वागत!” खिडकीतून ते खाली ऐकू गेलं, टाळ्या पडल्या. “आपल्या वर्गाचे सर्वात हुशार विद्यार्थी, सर्वांच्या आधी गृहपाठ देणारे, श्रीयुत मिहिर अभ्यंकर उपस्थित आहेत, त्यांचं स्वागत!” टाळ्या. “त्यानंतर... रेडमी नोट... होय, श्रीयुत रेडमी नोट, यांचंही स्वागत! आईचा मोबाइल, आपण वेळात वेळ काढून आलात, आपलं स्वागत! श्रीयुत एस. के. डबल झिरो सेव्हन, आपलं स्वागत!”

“हितेश,” मॅडम म्हणाल्या, “विषय...”

“येतो मॅडम, विषयावर येतो. कुणाचं नाव राहायला नको.”

राहायला नको म्हणजे नकोच. आणि तेव्हा एक गंमत झाली. नाव घेतल्याबरोबर मिहिरचा काळा चौकोन उजळला आणि त्यात मिहिर दिसला, हसून हात जोडणारा. नाव घेतलेल्या माणसाने उठून नमस्कार करायचा असतो हे त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. मग रेडमी नोट उजळला, त्यात एक मुलगा वडापाव खात होता, त्याने वडापावसकट नमस्कार केला. आईचा मोबाइल उघडला तर त्यात खरोखरच आई होती. मुलगा झोपलाय म्हणाली, थांबा उठवते. एकेक खिडकी उघडत गेली. मॅडम चष्मा वर करून बघत राहिल्या. अख्खं सत्र त्यांनी काळ्या चौकोनांना शिकवलं होतं, आणि आज पहिल्यांदा त्यांना वर्ग दिसत होता. त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही.

हितेशला स्वतःचं तोंड दिसेनासं झालं. एवढ्या तोंडांच्या गर्दीत ते कुठे तरी खाली ढकललं गेलं होतं. गेली नाकपुडी!

शेवटचं नाव राहिलं. “आणि कुमारी तनया सबनीस, यांचं स्वागत!” तो चौकोन उघडला नाही. हितेशने आणखी एकदा नाव घेतलं, मग वेळ संपत आल्याचं त्याच्या ध्यानात आलं आणि तो विषयावर आला. विषय होता, ऑनलाइन मागवलेला माल परत आला की गोदामात त्याचं काय होतं. लिहिलेलं काही आठवेना. मग ट्रेलरमागे ओरडतो तसाच बोलला. लोक नवी साडी मागवतात, लग्नाला नेसतात आणि हळदीच्या डागासकट परत पाठवतात. एकाने एकच बूट परत पाठवला, डावा, आणि कारण लिहिलं, आवडला नाही. हा माल कोण उघडतं, कोण तपासतं, कुठला पुन्हा विकला जातो आणि कुठला जात नाही. खाली मंडपात सगळे मुकाट ऐकत होते. त्यातल्या निम्म्यांची पोरं त्याच गोदामांत कामाला. बुटाच्या गोष्टीवर हशा पिकला तो पडद्यावरही पिकला.

“धन्यवाद,” हितेश म्हणाला. डोळे उघडेच होते आणि माइक चालू होता.

आता मॅडमनी घड्याळ बघितलं. “नावांत चार मिनिटं गेली, हितेश. त्याचे गुण कापावे लागतील.” मंडपात “अरेरे” झालं. “पण पास आहात.”

मग जे झालं ते विचारू नका. महादूने फटाक्यांची माळ लावली, ती खरं तर उद्याच्या वरातीसाठी होती. कमळबाई वर आल्या आणि शाल मॅडमना म्हणून लॅपटॉपवर पांघरून गेल्या. विनिताने भावाच्या दोन्ही गालांना हळद फासली आणि म्हणाली, “आता तोड ते, मेल्या. चल खाली.”

हितेशने शाल बाजूला केली आणि जोडणी तोडायला हात पुढे नेला. तेवढ्यात स्पीकरमधून मॅडमचा आवाज आला, “पुढचं नाव, तनया सबनीस.”

मग अंगणातल्या दोन्ही उंच स्पीकरमधून एक बारीक, चिरकलेला आवाज आला. “हॅलो... मी... मॅडम, माझा... माझा आवाज येतोय का?”

हितेशला तो आवाज ओळखीचा वाटला. तनयाला त्याने कधी बघितलं नव्हतं, पण तो आवाज त्याच्याच घशातला होता. त्याने पडद्यावर बघितलं. तिचा चौकोन अजून काळाच होता. वर्गातलं कुणी काही बोललं नाही. ऑनलाइन कुणी बोलतच नाही, सगळे माइक बंद करून बसतात. हितेशचं बोटसुद्धा सवयीने आपल्या माइकच्या बटणावर गेलं होतं.

त्याने ते बोट उचललं. माइक चालूच ठेवला, लॅपटॉप हातात घेतला आणि खिडकीच्या कठड्यावर मंडपाकडे तोंड करून ठेवला.

“पोरगी इचारते,” तो खाली ओरडला, “आवाज येतो का?”

“येतो!” सगळा मंडप गरजला. “येतो गं बाय! बोल, बोल!” बाळारामकाकांनी माइक उचलला, “कुमारी तनया सबनीस यांचं मंडपात आगमन झालेलं आहे!” आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात.

टाळ्या ओसरल्या तेव्हा हितेशने खिडकीतून वाकून पडद्यावर बघितलं, तर काळा चौकोन उजळला होता. चष्मा लावलेली एक मुलगी होती, डोळे पुसत हसत होती.

हितेशने भीत भीत विनिताकडे बघितलं. तिच्या अंगावरची हळद वाळून भेगाळायला लागली होती. ती खिडकीशी स्टूल ओढून बसली.

“वाळू दे,” ती म्हणाली. “आधी पोरीचं होऊ दे.”